फाशांना हात लावायचा नसतो

नागावच्या त्या वाडीत दोन दिवसांत मला जितक्या वेळा 'काकू' म्हटलं गेलं, तितक्या वेळा माझ्या सख्ख्या पुतण्यांनीही जन्मात म्हटलं नसेल. सुरुवातीला ते साधं काकू होतं, पाणी पुढे करताना म्हणतात तसं. नंतर त्यात जपून बोलणं आलं, वाटेत झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून जावं तसं. ते माझ्या तोंडामुळे आलं. सांगायला बसले आहे खरी, पण अजूनही कान गरम होतात.

माझी मुलगी एक खेळ खेळते. टेबलाभोवती पाच-सहा जणं बसतात, प्रत्येक जण कुणीतरी होतो, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी वैद्य, आणि एक जण गोष्ट सांगतो. त्याला मास्टर म्हणतात. तो म्हणतो, समोर गुहा आहे, आतून घुरघुर येतेय, काय करता? मग जो तो आपलं सांगतो आणि फासा टाकतो. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. हे फासे आपल्या सारीपाटाचे नव्हेत, एकाला चार बाजू, एकाला आठ, आणि सगळ्यात थोरला वीस बाजूंचा, बोराएवढा. गोष्टीतल्या राक्षसाने मारलं तर तुमचं माणूस मरतं, आणि मेलं की मेलं. माझी मुलगी त्यात जादूगारीण होती. तीन वर्षं ती मुंबई-पुण्याच्या, कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या पोरांबरोबर, कानाला हेडफोन लावून हे खेळत होती.

मला आधी हे थेर वाटायचे. मी शाळेत शिकवते, पोरांच्या हातातले मोबाइल काढून टेबलाच्या खणात टाकणं हा माझा रोजचा धंदा. पण हिला मी बोलत नव्हते, त्याला कारण होतं.

बारावीनंतर तिला शहरात हॉस्टेलला ठेवली होती. खोलीतल्या दुसऱ्या मुलीने पहिल्याच आठवड्यात आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग गावात कुठल्या आळीत घर ते विचारलं. आमचं घर पोयनाडच्या आतल्या अंगाला, बौद्धवाडीत. हिने सरळ सांगितलं. लपवायचं काय त्यात, आमच्यात कुणी लपवत नाही. त्या मुलीने भांडण केलं नाही, वाईट शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी गोड हसून म्हणाली, "माझ्या भांड्यांना हात नको लावत जाऊस हं, आई रागावते माझी." बस्स, एवढंच. हिने काही महिने काढले आणि एक दिवस बॅग घेऊन घरी आली. मला सांगितलं तेही भिंतीकडे तोंड करून, आणि वर शपथ घातली, बाबांनापण सांगायचं न्हाय. नंतर तिने बोलणंच टाकलं. हो, नाही, जेवले, झोपते. घरात एवढंच ऐकू यायचं.

मग एक दिवस मी मागच्या पडवीत तांदूळ निवडत होते आणि आतून एकदम आवाज आला, "दरवाजा तोडते मी! बाजूला व्हा!" माझ्या हातातलं सूप पडलं. धावत गेले तर ही पलंगावर मांडी घालून, हेडफोन लावून, डोळे चमकवत बसलेली. माझ्याकडे बघून हाताने खुणावलं, जा जा, खेळतेय. मी बाहेर आले आणि सांडलेले तांदूळ भरता भरता रडले. तेव्हापासून मी तिच्या खेळाबद्दल एक अक्षर काढलं नाही. ती अलिबागच्या कॉलेजात जायला लागली, परत खायला-प्यायला लागली, हसायला लागली, ते त्या जादूगारणीच्या जिवावर. त्या पोरांना हिचं आडनाव माहीत नव्हतं. त्यांना फक्त ती जादूगारीण माहीत होती, आणि म्हणे ती फार डेंजर होती.

फासे तिने कुरियरने मागवलेले, निळे, आत चमचम असलेले. मखमलीची एक पिशवी होती त्यांना, फ्रिजवर ठेवलेली असायची. एकदा फडकं मारताना मी ती उचलली तर ओरडली, "आई, माझ्या फाशांना हात लावू नकोस, नशीब उतरतं त्यांचं." मी हसले. म्हटलं, घे बाई तुझे देव. आमच्या वाडीतल्या बायकांना सांगूनही हसले. हे वाक्य लक्षात ठेवा, मी नेमकं हेच विसरले.

या पावसाळ्यानंतर त्या खेळवाल्यांचं संमेलन नागावला भरणार असं कळलं. कुठून कुठून लोक येणार, तिची टोळी येणार, तीन वर्षांनी सगळे एकाच टेबलावर बसून खेळणार. पोरगी आठ दिवस आधीपासून जमिनीवर नव्हती. "आई, मी एकटी जाते स्कूटीने, संध्याकाळी परत येते." मी म्हटलं, मी येणार. "तू काय करणार तिथे?" म्हटलं, बसेन. खरं सांगायचं तर मला धडकी भरली होती. आवाजाशी मैत्री वेगळी आणि समोरासमोर वेगळी. तिथे कुणी आडनाव विचारलं, पुन्हा कुणी गोड हसून काही म्हणालं, तर ही दुसऱ्यांदा उठायची नाही असं मला वाटत होतं. तिने हातापाया पडून सांगितलं, पण मी ऐकेन तर शपथ.

वाडी छान होती. एरवी तिथे शनिवार-रविवारी बनाना बोटवाले पर्यटक उतरतात, त्यांचा दरांचा बोर्ड तसाच होता आणि त्याच्यावर संमेलनाचं कापड बांधलेलं. नारळाखाली मांडव, मांडवात टेबलं, आणि त्या उकाड्यात पायघोळ झगे घातलेली, कानांना टोकं लावलेली, कमरेला पुठ्ठ्याच्या तलवारी बांधलेली घोड्याएवढी पोरं. माडाची झापं तोडणारा गडी हातातला कोयता तसाच धरून त्यांच्याकडे बघत उभा होता. मला हसू येत होतं, पण मुलीकडे बघून आवरलं. तिने शिवून घेतलेला काळा झगा घातला होता, आणि ती आत शिरल्या शिरल्या एका टेबलावरून पाच जणं आरडाओरडा करत उठली. "ही बघा आली आपली जादूगारीण!" मिठ्या काय, उड्या काय. कुणी आडनाव विचारलं नाही. मी तिच्या मागे, थोडी बाजूला, प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. मास्टर म्हणजे चष्मा आणि दाढीवाला एक मुंबईचा पोरगा होता, मला लिंबू सरबत आणून दिलं त्याने. पुण्याची एक मुलगी होती, गोरी, लख्ख, बोलणं अगदी शुद्ध. तिचं बोलणं ऐकलं आणि मी मनात तिला त्या हॉस्टेलवालीच्या खणात टाकून मोकळी झाले. तेही मला कुणी करायला सांगितलं नव्हतं.

खेळ सुरू झाला. आणि माझी मुलगी काय बोलत होती म्हणून सांगू. उभी राहून, हात फिरवून, मास्टरशी हुज्जत घालून. खाडीतून एक राक्षस वर आला होता म्हणे, त्याने आधी तिलाच झोडपलं, ती अर्धमेली झाली, सगळे हसले, ती त्या मास्टरला म्हणाली, "तुला बघतेच मी आता." मी ते सरबत हातात धरून बसले होते आणि माझं पोट भरलं होतं.

तेवढ्यात त्या पुण्याच्या मुलीचा फासा टेबलावरून उसळला आणि घरंगळत माझ्या चपलेपाशी आला. लाल, वीस बाजूंचा. मी वाकले, द्यावा म्हणून हात पुढे केला. ती मुलगी खुर्चीतून अर्धी उठली, हात आडवा धरून म्हणाली, "काकू, प्लीज, हात नका लावू त्याला!"

माझा हात तिथेच थांबला. डोक्यात जी तिडीक गेली ती पायाच्या अंगठ्यापासून आली. माझ्या लहानपणी गावच्या दुकानदाराने वरून टाकलेली नाणी, हॉटेलातली वेगळी कपबशी, माझ्या मुलीचं भिंतीकडचं तोंड, सगळं एका क्षणात. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. वर्गात पन्नास पोरांना गप्प करणारा माझा आवाज, तो त्या मांडवात घुमला.

"का? विटाळ होतो का फाशाला? आमच्या हातात काय लागलंय? तिकडे हॉस्टेलात भांड्यांना हात लावू नकोस, इकडे फाशांना हात लावू नका. माझ्या पोरीला एकीने अशीच गोड बोलून घरी पाठवली, वर्ष गेलं तिचं, तोंडातून शब्द निघत नव्हता. आता मी बसलेय इथे, मी नाही ऐकून घेणार. आम्ही बौद्ध आहोत, सांग ना सगळ्यांना, कशाला हात आडवा घालतेस?"

आजूबाजूच्या टेबलांवरचा खेळही थांबला. ती पुण्याची मुलगी नुसती बघत राहिली, तिच्या डोळ्यांत भराभर पाणी आलं.

माझी मुलगी ओरडली नाही. ती फार हळू बोलली. "आई, तो नियम असतो. दुसऱ्याच्या फाशांना कुणीच हात लावत नाही, नशीब उतरतं म्हणतात. हा पण लावत नाही, तो पण लावत नाही. तूसुद्धा माझ्या फाशांना लावत नाहीस."

आणि मला फ्रिजवरची मखमली पिशवी आठवली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपण म्हणतो ना, ते नुसतं म्हणणं नसतं, तसं खरंच वाटतं. वाळूवर तो लाल फासा माझ्या चपलेपाशी तसाच पडला होता आणि सगळे त्याच्याकडे बघत होते, कारण माझ्या मुलीकडे बघायची कुणाची हिंमत होत नव्हती. मी "माफ कर बाळा" म्हटलं. कुणाला म्हटलं ते मलाही कळलं नाही.

माझा राग खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही. तो पिढ्यांचा आहे आणि पुन्हा लागला तर पुन्हा काढीन. पण तो भलत्या दारात नेऊन ओतला मी. बरं, त्या मुलीला बोलले ते एक, तिची माफी मागता आली. माझ्या पोरीने जे बापालाही सांगू दिलं नव्हतं, ते मी तिच्या सगळ्या जगासमोर, माईक नसताना, मांडवभर ऐकवलं होतं. त्याची माफी कशी मागतात ते मला माहीत नव्हतं.

ती पोरं वाईट असती तर बरं झालं असतं. ती चांगली निघाली. पुण्याची मुलगी डोळे पुसत माझ्यापाशी आली, खाली बसली, तो लाल फासा उचलून तिने माझ्या तळहातावर ठेवला. "घ्या ना काकू, लावा हात. खरंच लावा." मग दुसऱ्याने आपले आणून दिले. तिसऱ्याने दिले. माझ्या ओंजळीत रंगीबेरंगी फासे जमले आणि मी ते घेऊन बसले, हळदीकुंकवाला ओटी भरावी तशी. नको म्हणायची सोय नव्हती. माझी मुलगी माझ्या ओंजळीकडे बघत होती. तिने तिचे फासे दिले नाहीत.

जेवणाला तर कहरच. तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण, तळलेली सुरमई. माझ्या मुलीला सगळ्यांच्या आधी वाढलं. ती पुण्याची मुलगी मुद्दाम तिच्या शेजारी बसली आणि तिच्या ताटातला सुरमईचा तुकडा तोडून खाल्ला, मोठ्याने म्हणाली, "वा, तुझीच मस्त आहे." मासा तिला जात नसावा, घास गिळताना डोळे मिटले तिने. माझ्या मुलीने ताट तिच्याकडे सरकवलं आणि मग स्वतः काही खाल्लं नाही.

संध्याकाळी स्कूटीवर मी मागे बसले. अलिबाग मागे पडलं. पोयनाडच्या अलीकडे तिने गाडी कडेला घेतली, हेल्मेट काढलं. मला वाटलं आता बोलेल, शिव्या घालेल, मी तयार होते. मला हव्याच होत्या.

"दुपारनंतर राक्षसाने मला एकदाही मारलं नाही," ती म्हणाली.

मला कळलं नाही. म्हटलं, मग बरं ना.

"मी समोर उभी होते, अर्धी मेलेली. त्याने मला सोडून लांबच्याला मारलं. दोनदा. मास्टर पुठ्ठा उभा करून त्याच्यामागे फासे टाकतो, आम्हाला दिसत नाहीत. तो खोटं बोलत होता. सगळ्यांना कळत होतं." तिने हेल्मेटची पट्टी उगाच लावली, काढली. "आता मला कुणी मारणारच नाही, आई. मी आता बिचारी झाले."

जिभेला हाड नसतं हे मला त्या दिवसापुरतं पुरेसं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी जाणार नव्हते. तीच म्हणाली, चल. म्हणाली, "तू आली नाहीस तर त्यांना वाटेल मी तुला घरी बसवली. आणखी बिचारी होईन." मी गेले. पोहोचल्या पोहोचल्या चहाच्या टेबलापाशी मास्टर एकटा सापडला, त्याला बाजूला घेतलं. आयुष्यात कुणाला असं काही सांगेन असं वाटलं नव्हतं. म्हटलं, "हे बघ, माझ्या मुलीला मार."

तो दचकला. म्हटलं, "म्हणजे तिच्या त्या जादूगारणीला रे. काल सोडलंस तसं सोडू नकोस. जसं इतरांना मारतोस तसं मार."

त्याने कप खाली ठेवला. पोरगा भला होता, खोटं बोलला नाही. चष्म्याआडून माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, आणि ती खरंच मेली तर तुम्ही काय म्हणाल?"

मी म्हटलं, "काही म्हणणार नाही, शपथ," पण त्याला जे विचारायचं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं. तो मला भ्याला होता. पन्नास पोरं मला भितात याचा मला अभिमान वाटत आला आहे, त्या सकाळी मात्र नाही वाटला.

खेळ पुन्हा मांडला. राक्षस अजून जिवंत होता. सगळे गोड बोलत होते, 'तू आधी', 'नाही नाही, तू आधी'. माझी मुलगी थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी राक्षसाच्या पुढ्यात जाते. एकटी. बाकीचे मागे."

"तू अर्धी मेलेली आहेस," मास्टर म्हणाला.

"माहीत आहे." तिने हात लांब करून त्याच्यासमोरचा पुठ्ठा आडवा केला. "आणि फासा इथे टाक. सगळ्यांसमोर."

त्याने आपला काळा फासा मुठीत घेतला. बराच वेळ हलवला. टाकला. तो टेबलावर गोल फिरला, तिच्या पाण्याच्या बाटलीला आपटून थांबला. सतरा पडले होते. तिला मारायला तेवढे पुरेसे होते, खेळणारी सगळीच ते जाणत होती, कारण कुणी बेरीज केली नाही.

आणि मग ते झालं, जे मी मरेपर्यंत विसरणार नाही. कुणीही फाशाकडे बघत नव्हतं. माझ्या मुलीकडेही बघत नव्हतं. मास्टर, पुण्याची ती मुलगी, बाकीची सगळी, मान वळवून माझ्याकडे बघत होती. मी काय म्हणते याची वाट बघत होती. आणि त्यांच्यानंतर, सगळ्यांत शेवटी, माझ्या मुलीने मागे वळून माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. विनवणी होती. तीन वर्षांत तिने असं डोळ्यांत बघून माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

माझे हात मांडीवर होते, मी ते तिथेच ठेवले. शाळेतला आवाज गिळला, आणि आपल्या वाडीत बोलते त्या आवाजात म्हटलं, "बघता काय माझ्याकडे? मेली ना? मग मेली. पुढे चला."

मग माझी मुलगी टेबलावर मूठ आपटून म्हणाली, "साल्या, सतरा?" आणि मास्टरच्या खांद्यावर तिने असा गुद्दा घातला की त्याचा चष्मा नाकावर घसरला. कुणीतरी हसलं, दबकत, मग एक-दोघं खरं हसले. पुण्याची मुलगी मात्र हसण्याआधी परत एकदा माझ्याकडे बघून घ्यायला चुकली नाही. ती सवय त्यांची शेवटपर्यंत गेली नाही. दुपारभर कुणी विनोद केला की आधी माझ्या खुर्चीकडे बघून मग हसायचे. शेवटी मी उठले आणि समुद्रावर जाऊन बसले.

परतताना तिने गाडी कुठे थांबवली नाही. घरापाशी आल्यावर स्टँड लावलं आणि हेल्मेट काढत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या वेळी नवीन कॅरॅक्टर करणार आहे. योद्धा."

म्हटलं, "कर."

"पुढच्या वेळी मी एकटी जाईन."

म्हटलं, "जा."

ती हेल्मेट ठेवायला आत गेली आणि मी डबा काढायला डिकी उघडली. वर तिची मखमली पिशवी होती, त्याखाली डबा. मी हात मागे घेतला आणि ती येईपर्यंत तशीच उभी राहिले.